रफू करायचं नाही

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझ्या हातून आजवरचं सगळ्यात चांगलं काम झालं आणि त्याबद्दल मास्तरांनी मला झापलं.

सकाळी मास्तर डोळे दाखवायला गेले होते. दुकानात मी एकटाच. दुकान म्हणजे मास्तरांचं शिवणकामाचं, बोळातली एक लांबट खोली, रस्त्यापेक्षा तीन पायऱ्या खाली, त्यामुळे खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. आता मला पायांवरून माणसं ओळखता येतात. बँकेतल्या बाई डावी टाच घासत चालतात, त्यांचा नवरा त्यांच्या चार पावलं मागे, का ते विचारायला पाहिजे एकदा. असो. एक चष्मेवाला गृहस्थ राखाडी कोट टाकून गेला. बाह्या आखूड करायच्या होत्या. कोट उलगडला तर डाव्या छातीवर, कॉलरखाली, चार बोटं लांब फाटलेला. त्यावर मोठेमोठे वेडेवाकडे टाके, जसे काही बोटीत बसून घातलेत. मला त्या कोटाची दया आली. म्हटलं, बाह्या तर कोणीही करील, आपण हे करू. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढले आणि दुपारपर्यंत मान मोडून रफू केलं. झाल्यावर कोट उजेडात धरला तर कुठे फाटलं होतं ते मलाच सापडेना.

मास्तर आले. त्यांना आता नीट दिसत नाही, ते बोटांनी बघतात. त्यांचं बोट त्या जागेवरून गेलं, परत आलं, थांबलं. मी वाट बघत होतो, आता शाबासकी येणार म्हणून. ते म्हणाले, "इथे होतं ते कुठे गेलं?"

मग बसवून सांगितलं. त्यांच्या ज्यू लोकांत आईबाप गेले की अंगातला कपडा फाडतात, उभं राहून, स्वतःच्या हाताने, डावीकडे, काळजावर. नवरा, बायको, भाऊ, बहीण, पोर गेलं तर उजवीकडे. उजवीकडचं महिन्याने नीट शिवून टाकता येतं. डावीकडचं कधीच नाही. महिना झाला की फक्त कच्चे टाके घालायचे, बघणाऱ्याला कळेल असे. रफू करायचं नाही. तो कोट विकला तर घेणाऱ्याला सांगून विकायचा, आणि त्यानेही रफू करायचं नाही.

मी म्हटलं, पण मास्तर, फाटलेलं शिवायचंच तर आपलं दुकान आहे.

"तो फाटला नव्हता, भिंगरी. फाडला होता."

भिंगरी म्हणजे मी. एका जागी बूड टेकत नाही म्हणून.

मग माझं सगळं रफू त्यांनी मलाच उसवायला लावलं. उसवताना मी विचारलं, बाप आवडत नसला तरी? ते म्हणाले, कायद्यात आवडीचा कॉलम नाही. मला माझ्या बापाचे बूट आठवतात, बाकी फारसं नाही. बुटांसाठी काय फाडायचं?

४ नोव्हेंबर, रविवार

आज चिरंजीवांचा फोन. चिरंजीव म्हणजे मास्तरांचे सुपुत्र, एकुलते एक. लांबच्या एका बंदरावर क्रेन चालवतात. मी इथे बॅगेची चेन दुरुस्त करायला आलो आणि मास्तरांनी "तोवर हे बटण लाव" म्हणून जो अडकवला, तेव्हापासून या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. वर आत्यांच्या खोलीत एक फोटो आहे, त्यात ते तीन वर्षांचे आहेत आणि रडतायत.

आत्या म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. वर राहतात, स्वयंपाक त्यांचाच. मला त्या रोज जेवायला घालतात आणि रोज घालूनपाडून बोलतात, त्यामुळे हिशेब बरोबर राहतो.

तर फोन. रविवार उजाडला की मास्तर दाढी करतात. फोनवर दिसतं थोडंच, पण करतात. दुपारी घंटा वाजली की हातातली सुई टाचण्यांच्या गादीत खुपसून मागच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात. मग आतून हसण्याचे आवाज. आठवडाभर माझ्यासमोर हा माणूस इस्त्रीसारखा गंभीर असतो. मी सर्कशीच्या ट्रकमध्ये अस्वलाच्या पिंजऱ्याला टेकून झोपलो होतो ती गोष्ट सांगितली तरी मिशीचा केस हलत नाही. आणि त्या क्रेनवाल्याशी बोलताना खोखो.

बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून परत हसले. म्हटलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, काम कर. नक्कीच माझी टिंगल केली असणार दोघांनी.

मला जळजळ होते. आत्या म्हणतात मी जेवण चावत नाही म्हणून. ती ही जळजळ नव्हे.

७ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरांनी आज ट्रंक उघडली आणि गडद निळं लोकरी कापड काढलं. असं कापड मी हातात धरलेलं नाही कधी. जड, पण मुठीत धरून सोडलं की सुरकुती नाही. त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं, म्हणे. इतकी वर्षं ठेवलं, कोणासाठी कापावं ते कळत नव्हतं.

विचारलं, आता कळलं?

म्हणाले, "आहे एक जण. थंडी आली आणि अंगावर धड कोट नाही त्याच्या."

क्रेनवर वारा लागत असेल, दुसरं काय. मी माझ्या फाटक्या विंडचीटरमध्ये हात घालून बसलो. तो मी एका धाब्यावर कोणीतरी विसरलेला उचलला होता आणि त्याची चेन गेलीय. दुकानात चेनींचं खोकं भरलेलं आहे, पण स्वतःचं करायला वेळ कोणाला.

मग म्हणाले, उभा राहा. मी म्हटलं, पुतळा आहे की कोपऱ्यात. म्हणाले, पुतळ्याला हात नाहीत. तासभर मला खुंटीसारखं उभं केलं. खडूने खुणा, टाचण्या, टेप. दुसऱ्याच्या कोटासाठी मी ताटकळायचं. वर बोलणी: "खाली बघू नकोस, खाली बघितलंस की खांदा पडतो." माझा उजवा खांदा पडलेला आहेच, बॅग वाहून. कित्येक वर्षं त्या खांद्यावर माझं सगळं घर आहे.

११ नोव्हेंबर, रविवार

कोट आता कोटासारखा दिसायला लागलाय. मास्तर खोकतात, पण सोडत नाहीत. आत्या वरून ओरडल्या की थोडा वेळ डोळे मिटून बसतात, त्या गेल्या की परत सुई. एवढी घाई. चिरंजीव येणार असतील.

एक गंमत लिहायची राहिली. कोटाच्या उजव्या खांद्यात मास्तरांनी जास्तीचा कापूस भरला. म्हणजे चिरंजीवांचाही एक खांदा पडका. क्रेनच्या खुर्चीत बसून खांदा कसा पडतो देव जाणे. आणि आतला खिसा केवढा ठेवलाय, अख्खा पाव मावेल. मी पाव खिशात ठेवतो म्हणून आत्या मला उंदीर म्हणतात. क्रेनवालाही ठेवतो वाटतं. सगळ्या भुकेल्यांचे खिसे सारखेच.

आज मास्तर म्हणाले, काज तू कर. तुझी बोटं तरुण आहेत.

मी केले. आणि खरं लिहायचं तर मुद्दाम वाईट केले. एक तिरका, एक ढिला, खालचा तर असा की बटण आत जाईल पण बाहेर येताना शिव्या खाईल. करताना फोन वाजला, मास्तर दाढी केलेली हनुवटी घेऊन आत गेले, हसू ऐकू आलं, आणि मी त्या खालच्या काजाला आणखी एक वाकडा टाका मारला. म्हटलं, घाल आता, राजा.

कोणाचं वाईट करताना इतकं मन लावून काम केलेलं मला आठवत नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

मास्तरांनी काजांवरून बोट फिरवलं. मग दिवसभर एकेक उसवला आणि परत केला, भिंग डोळ्याला लावून. खालचा मात्र ठेवला तसाच. मी विचारलं, हा राहिला ना? म्हणाले, "राहू दे. रोज बटण लावताना ज्याने केलाय त्याची आठवण होईल."

टोमणा कळण्याइतका मी शहाणा आहे. चिरंजीव रोज माझ्या नावाने खडे फोडतील, असंच ना?

रात्री जेवताना आत्यांना विचारलं की तुमचा भाचा कधी येणार. त्या म्हणाल्या, तो कशाला येतोय, त्याला सुट्टी नाही. मग कोट? पार्सलने? आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं मी गाढव आहे आणि गाढवांतही मागच्या बाकावरचा. आणि ताटात अजून भाजी वाढली.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

मास्तर गेले. सकाळी, दुकानात, खुर्चीत.

कोटाच्या खालच्या घेराचा शेवटचा हात चालला होता. म्हणाले, काहीतरी बोल, टाके जड होतायत. म्हणून मी फेरीबोटीची गोष्ट सांगत होतो, ज्यात बोटवाल्याच्या सासूची बकरी असते. मी नेहमीसारखा भरकटलो, बकरीवरून दाढीवर, दाढीवरून न्हाव्यावर. मध्येच ते म्हणाले, "झाला. घालून बघ."

मी म्हटलं, "ज्याचा आहे त्यालाच घालू द्या. मी काय तुमची खुंटी?"

त्यांनी कोट मांडीवर ठेवला, दोन्ही हात त्यावर. मला वाटलं, ऐकतायत. मी न्हाव्याची गोष्ट पुरी केली. मग बकरीकडे परत आलो. बघितलं तेव्हा ते नव्हते. कुठल्या वळणावर उतरले मला माहीत नाही.

सुई अजून कापडात होती. ती मी काढली. धागा तोडला.

आत्यांना बोलवायला वर गेलो तर त्या म्हणाल्या, आता काय हवंय उंदरा, आणि मला काही बोलताच येईना. मला. बोलता येईना.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं लिहितो, कसंही.

काल समोरचे घड्याळवाले आले. घड्याळं दुरुस्त करतात आणि त्यांच्या प्रार्थनाघरातर्फे माणसांना पोचवायचं कामही तेच बघतात. त्यांनी मास्तरांना नेलं. मी त्यांना विचारलं की मी काय फाडू. ते म्हणाले, तू नको. मी म्हटलं, मी शेवटी तिथे होतो. ते म्हणाले, हो, श्वास जाताना जो जवळ असेल त्याने फाडावं असं आहे खरं. ज्याच्याकडून शिकलो तो गुरू गेला तरी फाडतात, बापासारखंच. पण हे सगळं आमच्या लोकांना. "तू मोकळा आहेस, बाळा."

आयुष्यभर लोक मला हेच सांगत आलेत. तू मोकळा, तुझं काय. काल पहिल्यांदा तो शब्द शिवीसारखा लागला. ज्याने इतके दिवस बापाचं तोंड बघितलं नाही त्याला हक्क, आणि मी कायद्यालाही उपरा.

आज सकाळी चिरंजीव आले. दारात मला आधी पाय दिसले, कामाचे जड बूट, पुढे लोखंड असलेले. मग उरलेला माणूस खाली उतरला. बुटका, रुंद, मान नाहीच. मी कल्पनेत याला किती उंच करून ठेवला होता. फोन आला तसा क्रेनवरून उतरून रात्रभर बसने आलेला. हातात पिशवीसुद्धा नाही. मला बघून म्हणाला, "तू भिंगरी." विचारलं नाही, सांगितलं. मी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत काय होतं मला कळलं नाही, पण प्रेम नव्हतं.

पुरण्याआधी फाडायचं होतं. मागच्या खोलीत आत्या, घड्याळवाले, त्यांची बायको, तो आणि दारात मी. आत्यांनी आधी केलं. उभ्या राहिल्या, प्रार्थनेतलं एक वाक्य म्हणाल्या, घड्याळवाल्यांच्या बायकोने उजवीकडे छोटा छेद दिला आणि आत्यांनी तो हाताने खाली ओढला. त्या ब्लाऊजचं अस्तर मीच लावलेलं. आवाज ऐकला नि माझा हात सवयीने सुई शोधायला लागला.

मग त्याची पाळी. घड्याळवाल्यांनी त्याच्या छातीवर बंदराच्या कंपनीचा शिक्का बघितला. विचारलं, जॅकेट तुझं की कंपनीचं? तो म्हणाला, कंपनीचं. आतला शर्ट? तोही. दुसऱ्याचा कपडा फाडता येत नाही, घड्याळवाले म्हणाले, मालकाला विचारल्याशिवाय नाही. आत्या मास्तरांचा सदरा घेऊन आल्या. मास्तर म्हणजे चिमणी. त्या सदऱ्याची बाही याच्या दंडावरच अडकली. बाहेर माणसं खोळंबली होती. तो उभा, दोन्ही हात लोंबकळत, आणि बापासाठी फाडायला याच्याकडे एक चिंधी नाही.

मला आनंद झाला. लिहायचं तर तेही लिहितो. क्षणभर मला खरंच आनंद झाला.

मग मी पुतळ्यावरचा निळा कोट काढला आणि त्याच्यापुढे धरला. म्हटलं, "घ्या. तुमच्यासाठीच जीव टाकला त्यांनी यावर."

त्याने घातला. छातीवर बटण लागेना. बाह्या बोटांच्या टोकांखाली गेल्या, हात दिसेनासे झाले. उजवा खांदा टेंगळासारखा वर आला. तो स्वतःकडे खाली बघत होता. मग माझ्याकडे बघायला लागला, वरून खाली, शिंपी बघतो तसा. कितीही क्रेनवर बसला तरी शिंप्याचा मुलगा.

आत्या म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा. अरे गाढवा, माप कोणाचं घेतलं होतं?"

मी म्हटलं, माझं. आणि म्हटल्यावर ऐकलं.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाहीये. पाव मावेल एवढा खिसा. कापूस. "घालून बघ." आणि तो खालचा काज.

घड्याळवाले खाकरले. म्हणाले, तसं बघितलं तर मास्तरांनी कोट या पोराच्या हातात दिला नव्हता. दिलेला नाही म्हणजे मास्तरांचाच, आणि मास्तरांचं ते आता मुलाचं. फाडायला हरकत नाही.

म्हणजे अर्धा मिनिट माझा होऊन तो परत चिरंजीवांचा. मी हसलो बहुतेक.

पण तो म्हणाला, "नाही. माप ज्याचं, कोट त्याचा. बाबांनी दुकान असंच चालवलं." आणि माझ्याकडे वळला. बाह्यांत हरवलेले हात तसेच. "मला उसना देशील? फाडायलाच मागतोय, आधीच सांगतो."

मला नाही म्हणायचं होतं. मनात नाहीच होतं. आजवर कोणी माझ्या मापाचं काही शिवलेलं नाही, आणि ते मी एकदाही अंगावर घालण्याआधी हा फाडणार, तेही अशा जागी की जे परत कधी सांधत नाही. बाहेर पाय वाजत होते. आत्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुद्दामच.

मी म्हटलं, घ्या.

पहिला छेद दुसऱ्या कोणी द्यायचा असतो. घड्याळवाल्यांचे हात त्या कापडावर घसरले. लोकर जाड, आत कॅनव्हास. म्हणाले, तू दे, तुला कापड कळतं. मी मास्तरांची कात्री आणली. कॉलरच्या खाली, डावीकडे, उभ्या धाग्यावर. कात्रीचं टोक आणि त्याचं काळीज यांच्यात माझा कोट होता, दुसरं काही नाही. ज्याच्यावर मी इतके दिवस जळलो तो मान वर करून उभा होता, दाढी करून घेणाऱ्यासारखा. मी नीट कापलं. कॅनव्हासही कापला, म्हणजे त्याला ओढताना अडू नये.

त्याने ते वाक्य म्हटलं. न्याय करणारा खरा आहे, असा काहीसा अर्थ, आत्यांनी नंतर सांगितला. मग बाही मागे सारून बोटं बाहेर काढली, छेदात घातली आणि खाली ओढलं.

आवाज फार मोठा नव्हता.

२० नोव्हेंबर, मंगळवार

त्यांचे सात दिवस चालू आहेत. तो आणि आत्या बुटक्या स्टुलांवर बसतात, लोक येतात, उकडलेली अंडी आणि पाव आणतात, आणि तो बोलेपर्यंत कोणी बोलत नाही. असा नियम आहे. मला हा नियम जड जातोय. चहा आणि खुर्च्या सरकवणं माझ्याकडे. निळा कोट त्याच्या अंगावर, डावीकडे उघडा, आतला पांढरा कॅनव्हास दिसतो.

आज दुपारी कोणी नव्हतं. त्याने अचानक विचारलं, "बाबा अंगुस्तान कुठल्या बोटात घालायचे?"

मी माझं मधलं बोट वर केलं, ती धातूची टोपी तिथेच असायची. मग पुढे दाखवलं, ते सुई ढकलताना करंगळी कशी वर ठेवायचे. तो बघत राहिला. "मला आठवतच नव्हतं," म्हणाला.

बापाचं बोट माहीत नाही याला. मला जिंकल्यासारखं वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन उरलेला चहा प्यालो, गोड लागला. नंतर तेवढा गोड नाही लागला.

थोड्या वेळाने त्याने परत विचारलं, तू होतास ना तेव्हा. मी म्हटलं, हो. शेवटी काय म्हणाले? मी म्हटलं, "झाला, घालून बघ, म्हणाले." "मग?" मी म्हटलं, मी नाही घातला. मला वाटलं तुमचा आहे.

तो पुढे काही बोलला नाही. तो बोलत नाही म्हणजे मीही बोलायचं नाही. दोघं तसेच बसलो. बँकेतल्या बाई खिडकीवरून गेल्या. नवरा आज त्यांच्या शेजारी होता.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आज ते स्टुलांवरून उठले. त्याची दुपारची बस. कोट काढून त्याने घडी घातली, चांगली घातली, आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, घड्याळवाल्यांना विचारलंय. उसना घेऊन फाडलेला कपडा शिवून परत करायचा असतो, धन्याचं नुकसान नको म्हणून. माझा असता तर रफू चाललं नसतं. तुझा आहे, तर चालतं.

"तूच कर. तुझं रफू कुठे केलंय ते सापडत नाही म्हणे."

मी विचारलं, कोण म्हणे?

"कोण म्हणजे? बाबा. दर रविवारी तुझंच पुराण. भिंगरीने हे केलं, भिंगरीने ते सांगितलं. अस्वलाची गोष्ट तर मी तीनदा ऐकली, आणि दर वेळी ते सांगतासांगता आधीच हसायला लागायचे." कोटाच्या खालच्या काजाकडे बघत होता. "एकदा मी चिडून फोन ठेवला होता. म्हटलं, त्यालाच मुलगा करा."

माझ्यासमोर तर मिशीचा केस हलत नव्हता. मी म्हटलं, तो काज मी मुद्दाम वाकडा केला, तुमच्यासाठी. तो पहिल्यांदा हसला. आवाज अगदी मास्तरांसारखा, दाराआडून यायचा तसा. मला परत जळजळ झाली, जुनीच.

मग म्हणाला, "आता घालून बघ."

घातला. खांदा बसला. बाह्या मनगटावर येऊन थांबल्या, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. डावीकडून गार वारा आत आला.

त्याने एक पाऊल मागे जाऊन बघितलं आणि बोटाने माझी हनुवटी वर केली. "खाली बघू नकोस," म्हणाला. "खांदा पडतो."

हे त्याला कोणी सांगितलं असेल?

१६ डिसेंबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. कामं होती. लोक मास्तरांकडे टाकलेले कपडे न्यायला येतात आणि नवे टाकून जातात. मी दोनदा बॅग भरली. एकदा आत्यांनी तिच्यात पाव ठेवला आणि वर काही बोलल्या नाहीत, तेव्हा जाणं जमलं नाही. दुसऱ्यांदा एका बाईंनी काळं जाकीट आणलं, छातीशी फाटलेलं. मी आधी विचारलं, कोणासाठी? त्या म्हणाल्या, कुत्र्याने ओढलं. मग रफू केलं.

त्यांचा महिना काल संपला. आत्यांनी ब्लाऊज माझ्याकडे दिला. उजवीकडचं, भावाचं, आता नीट शिवता येतं. शिवून दिला. त्यांनी त्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, इतका चांगला कशाला शिवलास मेल्या. मग विचारलं, आणि तुझा कोट? तुला तर सगळी मोकळीक.

आज दुपारी तो घेऊन बसलो. आतल्या शिवणीतून चार धागे काढून ठेवले, रफूसाठी. सुई ओवली. अंगुस्तान मास्तरांचं, ते मला किंचित सैल होतं. बराच वेळ नुसता बसलो, आणि भरकटलोही नाही. मग ते धागे बाजूला सारले, कच्चा दोरा घेतला आणि मोठेमोठे टाके घातले. लांबून दिसतील असे.

शेवटचा टाका चालू असताना मागच्या खोलीत फोन वाजला. रविवारी दुपारी, त्याच वेळेला. आत्या वर झोपल्या होत्या. मी सुई गादीत खुपसली आणि गेलो. का कोण जाणे, जाताना हनुवटीवरून हात फिरवला. दाढी वाढली होती.

तिकडून वाऱ्याचा आवाज. मग तो म्हणाला, "महिना झाला. कोट रफू केलास?"

मी म्हटलं, नाही. कच्चे टाके घातले.

तिकडे वारा वाहतच होता.

"बरं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ती फेरीबोटीची गोष्ट. ते गेले तेव्हा तू सांगत होतास ती. ती मला त्यांनी कधी सांगितली नाही."

कशी सांगतील. मी म्हटलं, लांब आहे. मध्ये बकरी आहे, न्हावी आहे. तो म्हणाला, माझ्याकडे आत्ता थोडाच वेळ आहे, अर्धी आज सांग. उरलेली पुढच्या रविवारी.

बॅग अजून दाराशी आहे. तिची चेन परत अडकलीय. ती एकदा बसून नीट करायला हवी, पण आधी मी दार लोटून घेतलं आणि बोटवाल्याच्या सासूपासून सुरुवात केली.